साक्षीदाराच्या जागी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या आग्रहापायी या वयात एल. एल. एम.ला नाव घातलं आणि चांगलीच अडकले आहे. दिवसभर खरेदीखतं आणि भाडेकरार करून संध्याकाळी वर्गात पोचते, तोवर डोळे मिटायला लागलेले असतात. वर्गात सगळे वकीलच. काळे कोट मागच्या खुंट्यांवर टांगतात आणि शाळकरी पोरांसारखे शेवटच्या बाकासाठी भांडतात.

माझ्या शेजारी एक उंच वकीलबाई बसते. कामगारांचे दावे चालवते आणि डबा माझा खाते. पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सरांनी आमची जोडी लावली आहे. एकीने साक्षीदार व्हायचं, दुसरीने उलटतपासणी घ्यायची. माझी वकिली सगळी कागदावरची, त्यामुळे रोज फजिती होते. एप्रिलच्या परीक्षेत हेच करून दाखवायचंय.

तुमच्या कारखान्यात कुणाचा हात मशीनमध्ये सापडला म्हणे. सुपरवायझर म्हणून तुझी साक्ष होणार असंही कानावर आलं. वहिनी नीट काही सांगत नाही. काळजी वाटते, सविस्तर लिही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डबा दुसऱ्यांना चारून स्वतः उपाशी राहायची तुझी खोड जुनीच. असो. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवरच्या कामगाराचा उजवा हात गेला. त्याने भरपाईचा दावा लावलाय. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला कुलपाची जाळी असते, ती मीच उघडी ठेवली होती, असं त्याचं म्हणणं. मी सांगणार आहे की जाळीची किल्ली त्याला साफसफाईसाठी दिली होती आणि जाळी त्यानेच उघडली. साक्ष बिघडली तर उद्यापासून येऊ नका, असं मालकांनी बजावलंय. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

त्याच्या बाजूने एक उंच बाई उभी राहते. संध्याकाळी ती तुमच्याच वर्गाला जाते, असं आमचे वकील म्हणाले. म्हणजे ती तुझी शेजारीणच. मला काय काय विचारणार, तेवढं काढून घे. इतका डबा खाल्लाय, तर एवढं सांगायला हरकत नसावी. आपला जिव्हाळा आहेच, तो आता कामी येऊ दे.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. काढून घ्यायला काही उरलेलंच नाही. सोमवारी तिने सरावाला स्वतःच्या हातातला दावा घेतला, नावं बदलून. माझं आडनाव सासरचं, तिला कळणार कसं? मला तिने सुपरवायझर केलं. तिसऱ्या प्रश्नाला लक्षात आलं की मी तुझ्या जागी उभी आहे. तिथेच तिला थांबवायला हवं होतं. पण तू सुटावास म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. शेवटच्या प्रश्नानंतर मात्र मी सराव थांबवला.

नंतर तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. हे माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, असा शब्द मी तिला दिलाय. ती आता दुसऱ्या बाकावर बसते आणि माझ्याबरोबर सरावाला कुणी नाही.

दादा, तो प्रश्न मी तुला सांगणार नाही. तुझ्या नोकरीची मला पर्वा नाही असं समजू नकोस, जीव नुसता तुटतोय. पण तुझ्या जागी उभी राहून मी उत्तर शोधलं. सापडलं ते एकच होतं, आणि तू जे सांगणार आहेस ते हे नव्हे. खरं काय ते सांगून टाक. रागावलास तरी मला टाकू नकोस.

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

पत्र पोचलं. याचसाठी तुला शिक म्हणत होतो काय? साक्षीला तुमच्या गावच्या कोर्टात यावंच लागेल. तुझ्या घरी उतरणार नाही.

दादा

९ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

साक्ष झाली. वकिलांनी घोटून घेतलेलं सगळं मी धडाधड सांगितलं. मग ती उठली. आवाज न चढवता तिने एवढंच विचारलं, की साफसफाईला दिलेली किल्ली त्या कामगाराने मला परत कधी दिली. त्याला तर मशीनपासून थेट दवाखान्यात नेलं होतं, आणि त्याच दिवशी अपघाताच्या तपासणीला सरकारी माणसं आली तेव्हा किल्ली माझ्याकडेच होती.

मी बोलायच्या आधी माझा हात खिशाकडे गेला. किल्ली तिथेच होती, रोजच्यासारखी. न्यायाधीशांनीही पाहिलं. मग सांगून टाकलं, की किल्ली मी कधी कुणाला दिलीच नाही. माल लवकर निघावा म्हणून जाळी मीच उघडी ठेवायचो. तो कामगार समोर बसला होता, बाही दुमडून पिन लावलेली. त्याच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी किल्ली मागून घेतली. तुझी वहिनी माझ्याशी फारशी बोलत नाही. माझाही तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण तू प्रश्न कळवला असतास, तर मी उत्तर तयार करून नेलं असतं, आणि ते खपलंही असतं. हे मनात आलं की झोप उडते.

परीक्षा सोडू नकोस. रविवारी इकडे ये, मी आता घरीच असतो. सरावाला मी साक्षीदार होईन. मला काय हवं ते विचार.

तुझा,
दादा