मिरचीच्या रांगेचं नाव

।। श्री गुरुबसवलिंगाय नमः ।।

सास्तूर, ता. लोहारा
फाल्गुन महिना, बुधवार, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप शांताक्का यांना धाकट्या शिवकांताचं डोईवर पदर घेऊन शरणु शरणार्थ. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळवा, इथल्या शरणबसप्पा वैद्यांकडून बाटली भरून घेते. इकडं आम्ही दोघं बरे आहोत, म्हैस बरी आहे, रोपवाटिका बरी आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मग फोन तुमची लेक भुवनेश्वरी घेते, आणि तिचं-माझं बोलणं दिवाळीपासून बंद आहे. का बंद आहे ते तिनं तुम्हाला सांगितलं नसणार, ती सांगायची नाहीच. म्हणून मी सांगते. हे पत्र भुवीला दाखवू नका, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट, अक्षराला हसू नका. तुम्हाला आळंदला मामानं कानडी शाळेत सातवीपर्यंत बसवलं, माझी चौथी मराठीत झाली आणि तीही निम्मी शेळ्यांमागं.

दिवाळीला भुवी आली तेव्हा माझे पाय बघून म्हणाली, मावशी, दिवसातून किती वेळा पळतीस गं त्या पाण्याच्या कॉकपाशी? मी म्हणलं, मोजायला वेळ कुणाला आहे. (रोपं कोवळी असतात अक्का, उन्हाच्या दिवसांत अर्ध्या अर्ध्या तासानं धुक्यासारखं बारीक पाणी द्यावं लागतं. जास्त झालं तर मुळं कुजतात, कमी झालं तर माना टाकतात. तान्हं लेकरू बरं.) तिनं पुण्याहून मागवलेली एक पेटी काढली, चपातीच्या डब्याएवढी, पुढं पडदा आणि बटणं, आणि शेडनेटच्या खांबाला ठोकली. त्या पेटीत म्हणे एक फाईल असते, फाईलीत आपण लिहायचं की कोणत्या रांगेला किती वाजता किती मिनिटं पाणी, आणि पेटी तसं करणार. मी म्हणलं, एवढंच ना, मग सांग पेटीला. तर म्हणाली, पेटीला वाचता येत नाही मावशी, तिला आधी वाचून दाखवणारा आणावा लागतो. त्याला ती पार्सर म्हणते, लायब्ररी पण म्हणते, आणि कधी नुसतं "तो" म्हणते. फाईल तो वाचतो आणि पेटीच्या कानात सांगतो. आता मला सांगा, असली कसली पेटी, जिला कामाला लावायला दुसरं माणूस लागतं. पण आपल्या आजोबांना कोर्टाचा कागद आला की ते मास्तरांना बोलवायचे, तसंच म्हणून मी गप्प बसले.

तो वाचणारा काही एका हाकेत आला नाही. इंटरनेटवरून आणायचा होता आणि आपल्या शेडनेटमध्ये रेंज नाही. भुवीनं फोन बांबूला बांधून वर धरला, मी खाली बांबू धरून उभी. पडद्यावर एक रेघ मुंगीसारखी सरकत होती, अर्ध्यावर आली की थांबायची. थोड्या वेळानं कळलं की वाचणारा एकटा येत नाही, त्याला बरोबर दुसरा एक लागतो, आणि त्या दुसऱ्याला तिसरा. नवरीला न्यायला गेलं की पाठराखीण निघते आणि पाठराखणीबरोबर तिची धाकटी बहीण, तशातला प्रकार. सगळा गोतावळा उतरवून घेतल्यावर भुवी म्हणाली, हा नवीन आहे आणि आपली पेटी जुनी, ह्यांचं जमणार नाही, ह्याच्या आधीचा आणू. बांबू धरून माझा हात खांद्यातून निघायचा बाकी होता. मी म्हणलं, आलेल्या पाहुण्याला परत पाठवतात का कुणी. तिनं पाठवला.

मग तिनं फाईल लिहिली आणि मला शिकवायला बसली. रांगा तीन. मला नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून तिनं रांगांना माणसांची नावं दिली. टोमॅटोची रांग तुमच्या नावाची, शांताक्का. वांग्याची माझी. मिरचीची रांग तिनं आमच्या ह्यांच्या नावावर केली, स्वभाव बघून. तिचे ते काकाच असल्यामुळं तिनं ते नाव सरळ लिहिलं, मोठ्या अक्षरांत. मी त्या ओळीवर बोट ठेवूनच बाकीचं वाचायचे.

माझ्या हातानं मी पहिल्यांदा फाईल उघडली तेव्हा, तुम्हाला माहीत आहे, कोरा कागद असो का किराणाची चिठ्ठी, वर देवाचं नाव लिहिल्याशिवाय माझा हात चालत नाही. मी पहिल्या ओळीत श्री गुरुबसवलिंगाय नमः लिहिलं. वाचणारा तिथंच अडला. पहिल्याच ओळीत चूक आहे म्हणाला आणि पुढचं एक अक्षर वाचायला तयार नाही. मी म्हणलं, कुठल्या जातीचा आहे हा? भुवी हसून लोळायला लागली. मग म्हणाली, मावशी, पुढं ही जाळीसारखी खूण काढ, म्हणजे तो ही ओळ वगळतो. मला ते बरं वाटलं नाही. देवाला वगळायचं? तर म्हणाली, वाचणारा वगळतो गं, देव वाचतो की. पोरगी तुमची आहे म्हणून सांगत नाही, पण कधी कधी शहाण्यासारखं बोलते.

भांडण त्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. रांगेच्या नावाखाली जे लिहायचं ते थोडं आत सरकवून लिहायचं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे पाणी कुणाचं. आत सरकवायला एक लांब बटण आहे, ते दोनदा दाबायचं. दुसरं एक बटण आहे, ते एकदाच दाबलं की तेवढंच आत जातं. मी दुसरं दाबलं. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं अक्का, जागा रिकामी ती रिकामी. पण वाचणाऱ्याला चालेना. सात वेळा लिहिलं, सात वेळा तो तोंड मिटून बसला. भुवी सारखी म्हणायची, मावशी, परत बघ, मावशी, नीट बघ. माझं डोकं तुम्ही जाणता. मी म्हणलं, "तू आणि हा तुझा वाचणारा एका आईची लेकरं हायसा. एक गोष्ट मनासारखी न्हाय झाली की तोंड मिटून बसायचं. म्हणून तर एकतिसाव्या वर्षी एकटी तारा जोडत बसलीस." बोलून गेले. तिनं माझी ती फाईल नीट केली, पेटीवर ओल बसू नये म्हणून माझं जुनं लुगडं नीट पांघरलं, आणि सकाळच्या एसटीनं गेली. स्टँडवर ह्यांनी पोचवली. मी गेले नाही, म्हशीचं निमित्त केलं.

आता तुम्हाला खरी गोष्ट सांगते, कुणाला सांगितली नाही. ती गेल्यानंतर पेटी चालली. दुपारी एक वाजला की शेडनेटमध्ये आधी नळ्यांत सुईई असा आवाज होतो, आणि मग वरून धुकं उतरतं. बाहेर ऊन पांढरं पडलेलं असतं आणि आत सगळं हिरवं, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. पहिल्या दिवशी मी सवयीनं कॉककडं पळत आले आणि मधेच थांबले, कारण करायचं काही नव्हतं. सत्तावीस वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं. रिकाम्या पोत्यावर बसले, मग आडवी झाले. डोळ्यांवर बारीक थेंब बसतात, ते पुसावेसे वाटत नाहीत. कुठून तरी तुम्ही दिसता अक्का, परकराचा ओचा खोचून विहिरीच्या काठावर बसलेल्या, मला पुढ्यात घेऊन वेणी घालताय आणि वेणी काही संपत नाही, तुमच्या हातातून केस निघतच राहतात, लांब, ओले, सगळ्या शिवारभर. मी विचारते, अक्का, झाली का? तुम्ही म्हणता, घाई काय हाय गं तुला. आणि खरंच घाई नसते. एक तास. दोन वाजता मी उठते, पदर झटकते आणि गिऱ्हाइकावर ओरडायला लागते, पण तो एक तास माझा असतो. पुढं जे झालं ते ह्या तासासाठी झालं, हे लक्षात ठेवून वाचा.

महाशिवरात्र झाली आणि ऊन वाढलं. मिरचीला तीन मिनिटं पुरेनात, पाच करायला पाहिजेत. फाईल उघडायची तर भुवीला विचारायचं नाही, म्हणून लुगडं बाजूला करून मीच उघडली. त्या वेळी शेडनेटमध्ये चार गडी माणसं रोपं घ्यायला आलेली, महांतेश पाटलांचे भाऊ, अजून कोण कोण. आणि पडद्यावर आमच्या ह्यांचं नाव, हातभर अक्षरांत, आणि मी त्याच्यापुढं उभी. मला कानकोंडं झालं. मी झटकन ते नाव पुसलं आणि तिथं "घरचे" लिहिलं. तीनाचे पाच केले. लांब बटण दोनदा दाबलं, दुसरं दाबलं नाही. वर लुगडं झाकलं आणि स्वतःवर लई खूश होऊन गिऱ्हाइकांना दोन रोपं जास्तीची दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे मिरचीपाशी उभे राहून मला हाक मारतात. "शांताक्काला पाणी, तुला पाणी, मी तेवढा उन्हात व्हय?" बघते तर टोमॅटो टवटवीत, वांगी टवटवीत आणि मिरचीनं सगळ्या माना टाकलेल्या. लुगडं काढून बघितलं तर पडद्यावर लिहिलेलं, तिसऱ्या रांगेचं नाव सापडत नाही. नळी ह्यांच्या नावाला जोडलेली, आणि त्या नावाचं माणूस फाईलीत नाही. वाचणाऱ्यानं "घरचे" वाचलं, पण कुणाचे घरचे हे त्याला काय माहीत.

ह्यांनी कॉक हातानं फिरवून मिरची भिजवली आणि घरातून पक्कड आणली. म्हणाले, "उद्या एक वाजता पेटीनं मिरची भिजवली तर ठीक. न्हायतर काढतो. आपला कॉक बरा. तू हायसच की फिरवायला." मी हायच की. म्हणजे माझा तास गेला. मी म्हणलं, तुम्ही लिहा तुमचं नाव. तर म्हणाले, मी हात लावणार न्हाय, बिघडवलं त्यानं सुधारावं. समोरच्या गिरिजाबाईला बोलवावं तर तिला वाचता येत नाही. भुवीला फोन लावावा तर कोणत्या तोंडानं. तिचा नंबर काढून तीनदा बघितला, तीनदा फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी एकला दहा कमी असताना मी पेटीपुढं उभी राहिले, हे मागं पक्कड घेऊन उभे. लग्नात मंगळसूत्र बांधल्यापासून जे नाव तोंडातून काढलं नाही, मतदानाच्या कागदावर दुसऱ्याकडून लिहून घेतलं, ते एकेक अक्षर करून लिहायचं. पहिलं अक्षर सापडायलाच वेळ लागला. आधी डोईवर पदर घेतला. मग लिहिलं. जोडाक्षराशी अडले तर मागून हे हळूच म्हणाले, "पाय मोडायचा हाय तिथं." बघत होते तर सगळं. लिहून झालं आणि आम्ही दोघंही पडद्याकडं न बघता मिरचीकडं बघत उभे राहिलो. एक वाजला. सुईई झालं. आधी तुमच्यावर धुकं उतरलं, मग माझ्यावर, आणि मग, थोडं थांबून, ह्यांच्यावर. हिरव्या उजेडात मिरचीची पानं एकेक करून थेंबाखाली हलायला लागली. ह्यांनी वाकून एक पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "सत्तावीस वर्षांनी लिवलंस, आणि ते बी मिरचीसाठी." आणि पक्कड ठेवायला गेले ते परत येऊन माझ्या पोत्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. आता तास निम्मा-निम्मा झाला आहे. झोपेत घोरतात.

तर सांगायचं एवढंच की तुमच्या लेकीनं आणलेलं हे खूळ मला नको आहे. वाचणारा नाठाळ आहे, पेटी परावलंबी आहे आणि माझं आयुष्य त्यांची मर्जी राखण्यात चाललं आहे. तिला म्हणावं, येऊन आपली पेटी घेऊन जा. थोरांना शरणार्थ, शेजारच्या उमादेवीला विचारलं म्हणून सांगा. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घ्या.

तुमची,
शिवकांता

ता. क. पेटी नेऊ देणार नाही. नुसतं तसं म्हणावं.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पेटी पंधरा दिवस झाले घड्याळासारखी चालली आहे. पण भुवीला ते सांगू नका. पेटी बंद पडली आहे, मावशीला काही जमत नाही, मिरची वाळत चालली आहे, असं सांगा. बिघडलेलं काही दिसलं की ती बसून राहत नाही, लगेच निघते. एकदा आली की पुढचं मी बघते. तिला जे बोलले ते मला परत घ्यायचं आहे, आणि ते फोनवर घेता येत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना ध्यानात आलं की तुम्हाला मराठी वाचता येत नाही. आणि घरात तुम्ही दोघीच. म्हणजे पहिल्या ओळीपासून हे तुम्हाला कोण वाचून दाखवतंय ते आता मला कळलं. सगळं परत लिहायचा कंटाळा आला आहे, आणि दुसऱ्यांदा लिहिलं तरी वाचणारी तीच.

भुवे, तर मग तूच ऐक. मधलं काही न गाळता अक्काला वाचून दाखवलं असशील, तुझ्याबद्दलचं बोलणं सुद्धा, एवढी तू सरळ आहेस. मी फाईलीत चौथी रांग लिहिली आहे. भुवनेश्वरी, असं नाव, खाली दोनदा आत सरकवून. त्या रांगेत काय लावायचं आणि पाणी किती द्यायचं ते मला माहीत नाही, म्हणून पुढं कोरं ठेवलं आहे, आणि कोरं बघून तो अडू नये म्हणून त्या ओळींपुढं तुझी ती जाळीची खूण काढली आहे. तो वगळतो. मी रोज दुपारी एक वाजता वाचते. खूण पुसायला ये.