अकरा चिठ्ठ्या

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

फावल्या वेळात मी मतमोजणीची गणितं सोडवतो म्हणून तू हसायचीस. काल ती आमच्या लॉन्ड्रीत कामी आली. इस्त्रीचं यंत्र चटके देतं. त्याबद्दल मालकाशी बोलायला ड्रायव्हर, इस्त्रीवाली बाई आणि धुलाईवाले काका यांतून एकाला निवडायचं होतं. आम्ही एकोणीस जण पाच भाषा बोलतो, म्हणून नावांऐवजी चित्रं काढली आणि प्रत्येकाला पसंतीचा क्रम लावायला सांगितला.

आठ जणांची पहिली पसंती ड्रायव्हरला, सगळ्यांत जास्त. टाळ्याही वाजल्या. पण उरलेल्या अकराही जणांनी त्याला शेवटी टाकलं होतं. पुस्तकात असं कितीदा वाचलंय, तरी मी हबकलो. एकास एक मोजलं, तर तो दोघांपुढेही हरत होता.

मी ते सांगितलं आणि काकांनाही एकास एक हरवणारी इस्त्रीवाली बाई निवडून आली. ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. “अकरा जण?” एवढंच तो म्हणाला.

गेल्या महिन्यात माझा हात भाजला होता. घाबरू नकोस, आता बरा आहे. तेव्हा या ड्रायव्हरनेच मला दवाखान्यात नेलं. पण तो पडला मालकाचा मेहुणा. ताई, त्या अकरांत माझीही चिठ्ठी होती.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
धाकटा