परतीच्या खिडकीतली केळी

गिरीज, वसई
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

ती. प्रेमलताताईस,

जगन्नाथचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मानेपर्यंत. त्याखाली गुडघ्यांचं राज्य आहे, तिथे माझं काही चालत नाही.) नाशकातली थंडी सरली असेल. तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेतेस, की टेबलावर ठेवून त्याच्याकडे नुसती बघतेस? इकडे सगळं ठीक. विहिरीला पाणी आहे, नारळ पाडून झाले, आणि कालपासून माझ्या घशाखाली घासही नीट उतरतो आहे. आधी उतरत नव्हता. व्हॉट्सॲपवर कळवलं असतं, पण घरच्या ग्रुपवर तुझा लेक उमंग आहे आणि सगळ्याच्या मुळाशी तोच आहे.

त्याने बाबांच्या स्मरणार्थ आपल्या वाचनालयाला यंत्र भेट दिलं, हे तुला ठाऊक आहेच. कार्ड दाखवा आणि पुस्तक न्या. परत करायचं तर परतीच्या खिडकीत टाका, ते आतल्या पेटीत पडतं. ग्रंथपाल लागतच नाही. हे 'लागतच नाही' उमंगने इतक्या आनंदाने सांगितलं की समितीलाही आनंद झाला. हल्ली लाइटचं बिल आपलं आपणच भरायचं, पासबुक आपणच छापून घ्यायचं, मग पुस्तकानेच काय घोडं मारलंय? ठराव झाला: पहिल्या तारखेपासून ग्रंथपाल हंसाबाईंना विश्रांती. (सव्वीस वर्षांत जिने धड रजा मागितली नाही, तिला न मागता विश्रांती. औदार्य बघ.) पत्र लिहिणं चिटणीसाचं काम, आणि चिटणीस मी. शाईच्या पेनाने सुरेख अक्षरात लिहिलं. द्यायचं तेवढं राहिलं.

आठवडाभर ते खिशात घेऊन हिंडलो. हंसाबाई खाडीकडच्या गावातून बस बदलून येतात आणि माझ्या आधी हजर असतात. मी दारात दिसलो की माझ्यासाठी बाजूला काढलेलं पुस्तक पुढे सरकवतात. एका हाताने ते घ्यायचं आणि दुसऱ्याने हे पत्र द्यायचं, एवढं काळीज आपल्या घराण्यात कोणाचं नाही. शेवटी मंगळवारी त्या डबा खायला आत गेल्या असताना पत्र वाचून झालेल्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक खिडकीत टाकलं. संध्याकाळी पेटी उघडतील, पत्र मिळेल, तोवर मी घरी. भ्याडपणा होता, कबूल.

आता आपल्याकडची रीत. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. आपल्या गावाने हाच नियम पुस्तकांनाही लावलाय (यात हिंदू-ख्रिस्ती भेद नाही), त्यामुळे हंसाबाईंच्या टेबलावर रोज चार केळी, अळूची जुडी, शेवग्याच्या शेंगा असं काहीबाही जमायचं आणि जाताना त्या ते वाटून टाकायच्या. यंत्राला हे कोणी सांगितलं नव्हतं. लोक पुस्तकामागोमाग खिडकीत वांगी घालू लागले. आतून गोड आवाजात एक बाई म्हणायची, "कृपया फक्त पुस्तक टाका." पण आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको नको' म्हणतोच! लोकांना वाटलं, ही संकोचते आहे. ते आणखी आग्रहाने ढकलू लागले. आपले अध्यक्ष व्हॅलेरियन सर, निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचा माणूस, त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून सुके बोंबील सारले. योगासनांच्या एका पुस्तकाला अजून वास येतो.

मीही त्याच मातीतला. पत्राचं पुस्तक टाकलं आणि हात सवयीने पिशवीत गेला. आपल्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची फणी होती, जरा कच्ची. बाई नको म्हणाली. मी आग्रह केला. आत काहीतरी घुरघुरलं, खिडकी मिटली आणि यंत्र गप्प झालं.

यंत्र चालू असलं तर पेटी बटणाने उघडते, बंद पडलं की किल्ली लागते; ती कंपनीच्या माणसाकडे, आणि तो चार दिवसांनी येणार. कार्डं चालेनात, तेव्हा हंसाबाईंनी जुनी वही काढली आणि वाचनालय पूर्वीसारखं सुरू केलं. गुरुवारी व्हॅलेरियन सरांना एक पुस्तक हवं होतं: नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, निळा पुठ्ठा, डॉक्टर शेवटी गावी परत येतो. हंसाबाई उठल्या आणि घेऊन आल्या. पुठ्ठा हिरवा निघाला, पण पुस्तक तेच. संध्याकाळी सरांनी सभा बोलावली आणि विश्रांतीचा ठराव रद्द केला. माझे दोन्ही हात वर होते. हायसं वाटून घरी आलो, जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला आठवलं: ठराव रद्द झाला, पण पत्र पेटीतच आहे. तेही माझ्या सहीचं!

काल पेटी उघडली. पुस्तकं काढायला हंसाबाईच वाकल्या. माझा जीव टांगणीला. फणी त्या उबेत पिकून फुटली होती, पुस्तकाला न् पत्राला लिंपली होती, शाई आणि केळं एक झालं होतं. त्यांनी कागद उजेडात धरला.

"वाचाया काय नाय येत, काका," त्या म्हणाल्या. "पन सही तुमची हाय. काय लिवलंवतं?"

"समितीने तुमचे आभार मानलेत," मी म्हणालो.

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, फणीतलं एक शाबूत केळं सोललं आणि म्हणाल्या, "केली झकास पिकलीत." ताई, मला रडूच आलं. केळ्यांच्या कौतुकाने या वयात रडणारा मी पहिलाच असेन.

भाऊजींना नमस्कार. काढा पी.

तुझा, थोडक्यात बचावलेला,
जगन्नाथ

ता. क. उमंगला सांग, यंत्र रोज वापरात आहे. फक्त वीज बंद असते. पेटीची किल्ली आता हंसाबाईंकडे असते आणि तिच्यात आम्ही केळी पिकायला घालतो. बाबांचा वाडीवर जीव होता, त्यांना आवडलं असतं. हे तू सांग, मामाने सांगितलं तर त्याला राग येईल.

ता. क. २. खरं काम हे. हंसाबाईंना जुन्या वहीत तुझं नाव सापडलं. लग्नाच्या आधी नेलेलं पाककृतींचं एक पुस्तक तुझ्याकडे राहिलंय. (ज्यातली फणसाच्या सांदणांची कृती तू आम्हाला आईची म्हणून सांगतेस, तेच.) ते पाठव.

ता. क. ३. पाकीट बंद करणार, तोच काल संध्याकाळी निघताना हंसाबाईंनी दिलेलं पुस्तक उघडलं. आत माझं पत्र, पुसून, वाळवून, नीट घडी घातलेलं. 'विश्रांती' हा शब्द लख्ख वाचता येतो. खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'काका, पुस्तक रिकामं द्यायचं नसतं.' म्हणजे सगळं वाचूनच त्यांनी ते केळं सोललं होतं. ताई, तुझं पुस्तक लवकर पाठव आणि सोबत द्राक्षांची पेटी घाल, मोठी. मला त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं आहे.