तेल वाढतंय

१२ ऑक्टोबर
वाळवंटातल्या डिंगाऱ्याला पोचले. डाकघराच्या मागं पत्र्याचं नीटनेटकं घर, दाराशी मिरीसारख्या फळांचं झाड. डग्गननं स्वतः माझ्या पेट्या उचलल्या. डाक वाहण्याचं कंत्राट त्याचं, गाडी त्याचीच, चालवणारी आजपासून मी. बिछाना मऊ आहे, किटलीही नवी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवले.

माझा नवरा क्लिफ हीच डाक न्यायचा. तीन आठवडे इथं, एक आठवडा ऑगस्टा बंदरात माझ्याजवळ. गेल्या उन्हाळ्यात, डिसेंबरात, याच रस्त्यावर वारला. बहीण म्हणाली, वेड लागलंय तुला तिथं जायला. लागलं असेल. पण ज्यानं मला ‘काही झालं तरी गाडी सोडायची नाही’ हे आधी शिकवलं आणि मग स्टिअरिंग हातात दिलं, तो पंचेचाळीस अंशांत गाडी सोडून उघड्या अंगानं का चालत सुटला, एवढंच मला हवंय.

१३ ऑक्टोबर
गाडी पाहिली. तीच. मेकॅनिक म्हातारा आहे, पांढऱ्या केसांमुळं सगळे त्याला स्नो म्हणतात. त्यानं सांगितलं, क्लिफच्या शेवटच्या फेरीत इंजिनात डिझेल सोडणारा एक इंजेक्टर उघडाच अडकला, आत डिझेल ठिबकत राहिलं, पिस्टन मेणासारखा वितळला. आता पिस्टन नवा घातलाय. इंजेक्टर नवे घातलेत का, असं विचारलं तर हात पुसायला लागला. मग म्हणाला, मिसेस, चहा घेणार का?

१८ ऑक्टोबर
पहिली फेरी नीट झाली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पेग नावाच्या बाईचं गुरांचं रान. तिचा नवरा ओरडला, डाक वेळेवर? बायको, कॅलेंडर बदल, चुकलंय! मी हसले. क्लिफ सापडला तो यांनाच. पेग म्हणाली, उन्हानं डोकं फिरलं की माणसं कपडे काढतात गं. गाडी रस्ता सोडून झुडपात उभी होती, तोंड त्याच्याकडे. परत सावलीला येत असेल बिचारा, थोडक्यात राहिला.

संध्याकाळी गावातल्या गुत्त्यात, किराणाही तिथंच मिळतो, एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, क्लिफ सगळ्यांना नियम शिकवायचा, अन् स्वतःच मोडून मेला. बाकीचे ग्लासात बघत हसले. मी पाव घेतला आणि निघाले.

२६ ऑक्टोबर
सकाळी तेल मोजायची पट्टी काढून इंजिनाचं तेल पाहिलं. वाढलंय. तेल कमी होतं, वाढत नाही. शाळा माझी चौदाव्या वर्षी सुटली. पुढचं वाचन डाकेतल्या जुन्या मासिकांवर झालं, तेव्हा दुरुस्तीचं पुस्तकही वाचता येतं. इंजेक्टर गळका असला की डिझेल तेलात उतरतं. फार साठलं की इंजिन तेच पिऊन धावत सुटतं. मग किल्ली काढून उपयोग नाही. त्याची हवाच कोंडावी लागते.

डग्गनला सांगितलं. म्हणाला, तेल कमी झालं म्हणून रडणारे पुष्कळ बघितले बाई, वाढलं म्हणून रडणारी तूच. स्नोनं जुनं तेल काढून नवं भरलं.

२७ ऑक्टोबर
कालपासून गाडी सुरूच केली नाही. तरी तेल पुन्हा वाढलंय.

२ नोव्हेंबर
इंजिनात ठोका ऐकू येतोय. क्लिफनं शिकवलं होतं: लांब पेचकस इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला, इंजेक्टरच्या नळ्या एकेक करून सैल करायच्या, जिच्यानं ठोका थांबला ती आजारी. मी सगळ्या सैल केल्या. थांबला नाही. इंजिन बंद केलं.

तरी ठोका चालूच. मग हळूहळू थांबला.

९ नोव्हेंबर
हवा ओढायची नळी साफ करायला उघडली. आत चिंधी. निळे चौकडे, त्यावर बटण. निळा दोरा नव्हता म्हणून तपकिरी दोऱ्यानं मीच क्लिफच्या शर्टाला लावलं होतं.

स्नोकडे गेले. तो रडला. म्हणाला, व्हर्ना, अख्खा शर्ट कोंबला होता गं नळीत. डग्गन म्हणाला जाळ, नाहीतर चौकशीत विचारतील, इंजिन थांबत का नव्हतं. इंजेक्टर तेव्हाही जुने, आताही जुनेच. या वयात मला दुसरं कोण ठेवणार?

म्हणजे माझ्या माणसाचं डोकं ठिकाणावर होतं. सगळं गाव वर्षभर त्याला हसलं.

चिंधी या पानात ठेवतेय. शहराची बस पेगच्या टोकाहून सुटते आणि दुसरी गाडी नाही. स्नोनं वाढलेलं तेल काढून दिलंय. एवढी एक फेरी. मग पोलीस, आणि मी बोलेन.

एकच कळत नाही. शर्टानं इंजिन थांबलं असणार. मग तो गाडी सोडून का गेला?

११ नोव्हेंबर
अर्ध्या वाटेवर गाडीनं आपोआप वेग घेतला. किल्ली काढली. धावतेय. ब्रेक दाबून वरचा गिअर टाकला, क्लच जळाला, थांबली नाही. झुडपात घातली तेव्हा अडकली, पण इंजिन धावतच होतं. उतरून अंगातला शर्ट नळीत कोंबला. क्लिफचाच होता, दुसरा.

इंजिन मेलं. गाडीतल्या वायरलेसवर पेग भेटली. म्हणाली, निघालो, अंधारापर्यंत पोचतो. गाडी सोडू नकोस हं. सोडेन कशी? सावलीत बसलेय. पाणी आहे.

नंतर
ठोका. इंजिन थंड आहे, हात लावून पाहिला. नळीतला शर्ट — आत ओढला जातोय. एक बाही बाहेर होती. आता नाही.

पळत झाडापर्यंत आले. पाणी गाडीतच राहिलं. मागं पाहिलं तर गाडी जवळ आलीय. आवाज नाही, नुसता ठोका. मी थांबले की थांबते. तोंड माझ्याकडे —

क्लिफ, कळलं रे.

उघडी सापडेन मी. म्हणतील हिचंही डोकं फिरलं, हिनंही गाडी सोडली. पेग, चिंधी या वहीत आहे. मी सोडली नाही गं, तीच मला —