घर सोडा

आबा, डोंगर अजून घराच्या पाठीशीच उभा आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत तुम्ही त्याच्याच दगडांनी रचलीत, आणि पावसात मी घाबरलो की चुलीपुढून हसायचात, "आरं, डोंगर काय पळतोय व्हय?" यंदा मात्र तो पळेल असंच वाटत होतं.

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. अकरा वर्षांची आहे. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. स्वतःहून फारसं बोलत नाही, पण ऐकलेलं एखादं वाक्य त्याच आवाजात बोलत राहते. सलग पावसानं मागची माती सुटली, तेव्हा आपल्या कुरवंड्यात भोंगा लावलेली जीप फिरली. "दरडीचा धोका आहे. घर सोडा." पोर कान दाबून कॉटखाली शिरली. मी आणि बायकोनं तिला घोंगडीत गुंडाळून शाळेत नेलं. ती मला कडकडून चावली, आबा. मला राग आला नाही, नुसती घाई होती.

वर्गात सगळं गाव दाटीनं बसलेलं. आणि ही भिंतीशी डोलत, जीपवाल्याच्या आवाजात, "घर सोडा. घर सोडा." थांबेचना. लहान पोरं रडायला लागली. एकजण खेकसला, "तिला गप करा, न्हाईतर भाईर न्या. कसलं अभद्र बोलतीय!" बायकोनं तिच्या तोंडावर हात ठेवला, तशी ती डोकं आपटून घ्यायला लागली. बाहेर नेऊन नेणार कुठं? तिला घेऊन पुन्हा त्याच भिंतीखाली जावं लागेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग वरच्या वाडीतली एक म्हातारी मावशी सरकत तिच्यासमोर येऊन बसली.

"घर सोडा," ही म्हणाली.

"सोडलं गं बाय."

"घर सोडा."

"सोडलं. समद्यांनी सोडलं."

पोर गप्प झाली. इतका वेळ तिला कुणी उत्तरच दिलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा सुरू केलं, तेव्हा तो खेकसणाराच म्हणाला, "सोडलं गं."

दरड आली नाही. आम्ही घरी परतलो. आता आभाळ भरून आलं की ती तेच म्हणते, आम्ही "सोडलं" म्हणतो, आणि ती निवांत होते. आज सकाळीही म्हणाली. मागच्या भिंतीतून गढूळ पाणी झिरपत होतं. तिथंच बसून चहा पिता पिता मी म्हणालो, "सोडलं." त्या पाण्याचं बायकोला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला लिहिलं तरी पाठवणार कुठं? आबा, मला फार भीती वाटते. खरंच निघायची वेळ आली तर ती कॉटखालून बाहेर येणार नाही. तिच्या लेखी आपण घर केव्हाच सोडलंय.