पाच वर्षांची गॅरंटी आणि ग्राइंडरचं कपाळ

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
इडलीचा ग्राइंडर बंद पडला. तांदूळ आत, दगड जागच्या जागी. सूनबाई कौमुदी लगेच म्हणाली, आई, खालच्या दुकानातून पिठाचं पाकीट आणते. म्हटलं, मी असताना या घरात पाकिटाचं पीठ येणार नाही! पैज लागली. रविवारपर्यंत ग्राइंडर फुकटात दुरुस्त, नाहीतर पाकीट. मला तर आनंदच झाला. गॅरंटी पाच वर्षांची, झालीत तीनच. बिल देवघरात लक्ष्मीच्या फोटोमागे. एवढं कोण जपतं?

दुपारी
नातू अद्वयने मोबाइलवर बघून ग्राहकाचे हक्क सांगितले. माझी शाळा चौथीपर्यंत, तरी सगळं समजलं. तो म्हणतो, मशीनचं आयुष्य सात-आठ वर्षं धरतात. मी एकाहत्तरची, एक पार्ट बदललेला नाही. डोळ्यातली दोन भिंगं सोडून.

४ नोव्हेंबर
कंपनीला फोन केला. चाळीस वर्षं चेन्नईच्या मांबलममध्ये आहे, माझं तमिळ फर्स्ट क्लास. ती पोरगी दोनदा म्हणाली, हिंदीत बोला. तिचंच कच्चं असणार. गुरुवारी माणूस पाठवतात. घाबरले ते!
भाषण तयार केलं. "मी ग्राहक आहे." पुढचं आयत्या वेळी सुचेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेषाद्री नावाचा मेकॅनिक आला. साक्षीला शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामी, मुरुक्कू, म्हणजे इथल्या चकल्या, घेऊन. मी भाषण सुरू केलं तर त्याने हात जोडले. अम्मा, बिल आहे, गॅरंटी आहे, मोटर फुकट बदलतो. फक्त मशीनवरचा नंबर दाखवा.
मशीन फिरवलं. नंबरच्या स्टिकरच्या जागी नुसता पांढरा डाग.
आता आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या मशीनना गंध-कुंकू लागतं. ग्राइंडरला कपाळ कुठलं? मला ते चकचकीत स्टिकरच कपाळ वाटलं. दर वर्षी तिथेच ठसठशीत लावलं, दुसऱ्या दिवशी चिंचेने घासून लख्ख केलं. माझी स्वच्छता सगळ्यांना माहीत आहे.
शेषाद्री म्हणाला, नंबर नाही, तर गॅरंटी नाही. मी म्हटलं, पूजा नसती तर तीन वर्षं तरी चाललं असतं का रे? त्याने हत्यारं पिशवीत भरली. वादात मीच जिंकले. मामी म्हणाल्या, अगदी बरोबर! आणि आपल्या ग्राइंडरचं स्टिकर बघायला धावल्या.

८ नोव्हेंबर
ग्राहक कोर्टात जायचं नक्की. अर्ज लिहायला बसले. मशीन नंबरपाशी अडले.
सहज फ्रिज बघितला. वॉशिंग मशीनही. दोन्हींची कपाळं पुसलेली. कौमुदीला सांगायची घाई नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
पाकीट आलं. मी हात लावला नाही, फक्त चिमूटभर मीठ घातलं. अद्वय एरवी तीन इडल्या खातो, आज नऊ खाल्ल्या. म्हणाला, आजी, आज पहिल्यांदा मऊ झाल्यात गं!
कौमुदी बिचारी ताटात बघून हसत होती.
सगळं मिठावर असतं.