मार्चचं रजिस्टर

सोम. १० नोव्हें.
शुक्रवारी टीम येतेय, आपलं हॉस्पिटल दर्जाच्या सर्टिफिकेटात बसतं का बघायला. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, क्वालिटीचं सगळं सिस्टर बघतील. सिस्टर म्हणजे मी. याच साहेबांनी मला एप्रिलमध्ये वॉर्डातून उचलून स्टोअरशेजारच्या या टेबलावर आणून टाकलं. तीन सिझरच्या बायकांचे टाके पिकले, मेमो मला. ड्रेसिंग अस्वच्छ म्हणे. आणि थिएटरच्या इन्चार्ज सावे सिस्टर सगळ्या स्टाफसमोर बोलल्या, "हिचे हातच घाणेरडे." एकवीस वर्षं नोकरी केल्यावर हे ऐकायचं. विसरले नाहीये.

मंगळ. ११
सापडलं. जुन्या गेटपासच्या फायलीत. ऑटोक्लेव्ह, थिएटरच्या कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन, मार्चचा अख्खा पहिला आठवडा वापीला दुरुस्तीला गेलेलं. रजिस्टरात मात्र त्याच आठवड्यात रोज 'मशीन चालू, तापमान बरोबर', खाली सावेबाईंची सही. तिन्ही ऑपरेशनं तेव्हाचीच! म्हणजे हत्यारं नुसती पाण्यात उकळून घेतली. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला. शुक्रवारी टीमसमोर उघडते हे पान. बाईंचं तोंड बघायचंय मला.
आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, भूक लागली.

बुध. १२
पेशंटच्या अभिप्रायाचे फॉर्म भरायचं निमित्त काढून तलासरीला गेले. रमिलाच्या पाड्यावर, त्या तिघींतली एक ती. टाके दोनदा घालावे लागले तिला. अजून भरला हंडा उचलवत नाही, या वर्षी भाताच्या लावणीलाही गेली नाही. सासूने कोरा चहा दिला. रमिला म्हणाली, "बाय, तू पट्टी बदलायचीस तेव्हा दुखायचं नाय." फॉर्ममध्ये याला रकाना नाही. परत येताना गाडीत चारोटीपर्यंत रडले, रागाने. सोडत नाही सावेबाईंना.

गुरु. १३
सकाळी त्या पानाची झेरॉक्स काढायला घेतली आणि कडेचा रकाना दिसला. 'पडताळणी'. आठवडाभराच्या प्रत्येक ओळीत सही. माझी.
आठवलं. मार्चअखेर, तेव्हाही कसलीशी तपासणी होती. नेहमीसारखं रजिस्टरं 'पुरी' करायला आम्ही सगळ्या चेंजिंग रूममध्ये बसलो. सावेबाईंनी घोलवडहून घरच्या बागेतले चिकू आणलेले. रोजची सही वेगवेगळी दिसावी म्हणून चार पेनं. वॉर्डातर्फे पडताळणी माझ्याकडे. चिकू खात खात सह्या ठोकल्या, एक ओळ वाचली नाही. तेव्हा तर मेमोही हातात पडला नव्हता. मूर्ख, मूर्ख बाई.
यांना सांगितलं. म्हणाले, फाईल मिट, सर्टिफिकेट मिळू दे, तुझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. बरोबरच आहे त्यांचं. एक पान फाडायला कितीसा वेळ.
दुपारी सावेबाई टेबलाशी आल्या, गोड आवाजात, "रजिस्टरं पुरी आहेत ना गं?" म्हटलं, पुरी आहेत. जाताना पाठीवर हात ठेवून गेल्या. तो हात अजून जाणवतोय, शिसारी येते.

शुक्र. १४
मीटिंग रूमबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. वही मांडीवर, अक्षर लागलं तर लागलं.
टीमच्या मॅडम वयस्कर, चष्मा नाकावर. म्हणाल्या, थिएटरचं कुठलंही एक रजिस्टर द्या. सावेबाई या महिन्याचं पुढे करत होत्या. मी मार्चचं दिलं, त्या पानावर गेटपास ठेवून. मॅडमनी दोन्हीवरच्या तारखा वाचल्या. परत वाचल्या. सावेबाई आधी हसत होत्या, मग पदर सारखा करायला लागल्या. तेवढं डोळे भरून बघून घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, "ही कडेची सही कोणाची?"
"माझी. न वाचता केलेली. आणि खालची सावे सिस्टरची."
साहेबांनी आम्हा दोघींना बाहेर बसायला सांगितलं. तासभर झाला. बाक एकच, सावेबाई त्या टोकाला, मी या. मघाशी हळूच म्हणाल्या, "स्वतःलाही बुडवलंस की गं."
"हो. पण तुम्हाला धरून."
आतून साहेबांचा आवाज चढलाय, मॅडमचा अजिबात नाही. दार उघडलं. आत बोलावतायत, दोघींना एकदमच